गोळी गिळेपर्यंत समोर बसा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नाही. साचे खात्यात राबलेला गिरणी कामगार आहे. पण क्षयाचं औषध रोग्याला कसं द्यावं हे मी फार मोठी किंमत मोजून शिकलो, म्हणून दोन शब्द बोलतो.

माझ्या धाकट्या भावाला टी.बी. झाला. गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत खोकला थांबला, अंग भरलं. मी पाळीवरून आलो की विचारायचो, "गोळ्या घेतल्या का रे?" तो म्हणायचा, "व्हय दादा." पुढं रोग उलटला, औषध लागू पडेना. तो गेल्यावर गादीखाली गोळ्यांची पाकिटं सापडली. लघवी लाल होते म्हणून तो घाबरला होता. मी विचारलं होतं, पाहिलं नव्हतं.

बंधूंनो, लघवी, घाम, डोळ्यांचं पाणी नारिंगी-लाल होणं हा रिफाम्पिसिन या औषधाचा रंग आहे. ते रक्त नव्हे. हे रोग्याला पहिल्याच दिवशी सांगा.

साध्या टी.बी.ला निदान सहा महिने औषध लागतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढं चार महिने तीन. २०१७ पासून सरकारी उपचारात गोळ्या रोज, वजनाप्रमाणे देतात. बरं वाटलं तरी जंतू शिल्लक असतात. मधेच सोडलं तर ते औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.

म्हणून वेळ ठरवा. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, शक्यतो उपाशीपोटी गोळ्या द्या. गिळेपर्यंत समोर बसा आणि कॅलेंडरवर खूण करा. डोळे पिवळे झाले, जेवण जाईना, उलट्या थांबेनात, तर लिव्हरला त्रास असू शकतो. नजर अंधुक झाली, लाल-हिरवा रंग ओळखेना, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हातापायाला मुंग्या आल्या तर सांगा, त्यावर गोळी आहे. दारू पूर्ण बंद. भगिनींनो, या औषधानं कुटुंबनियोजनाच्या गोळीचा असर कमी होतो, तेव्हा डॉक्टरांना विचारा. घरातल्या सगळ्यांची, लहान मुलांची आधी, तपासणी करून घ्या.

कुणी विचारत नव्हतं अशा आजारी भिक्खूची घाण भगवान बुद्धांनी आनंदांना सोबत घेऊन स्वतः धुतली. आपल्याला तर पेलाभर पाणी घेऊन पाच मिनिटं बसायचंय. मी बसलो नाही. तुम्ही बसा.