घर-गाडीची वॉरंटी

महूशेजारी पीथमपूरला फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर तयार होते. तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली की झाली घर-गाडी. मेख इथेच आहे. इंजिनाची वॉरंटी कंपनीची, आतल्या कामाची बॉडी बांधणाऱ्याची. छत गळलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात! म्हणून दोन्हींची कागदपत्रं सही-शिक्क्यानिशी घ्या. दुरुस्तीला देताना जॉबकार्डावर नेमकं लिहवून घ्या : ‘मागच्या खिडकीवरून पाणी झिरपतं’. नुसत्या ‘जनरल चेकअप’वर सही नको. तरी टोलवाटोलवी झाली, तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. २०१९च्या ग्राहक कायद्यानुसार गाडी कुठूनही घेतलेली असो, महूकराला इंदूरच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. किंमत ५० लाखांपर्यंत हवी आणि तक्रार दोन वर्षांच्या आत.