पोशाख कोणी ठरवायचा?



सॉफ्टवेअर बनवताना आम्ही आधी विचारतो, हे वापरणार कोण? कॉमिक्समधल्या नायिकांचे कपडे रेखाटताना हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

2014 मध्ये मार्व्हलने कमला खानची मालिका काढली. शक्ती मिळताच कमला आपल्या आवडत्या नायिकेच्या रूपात, तिच्या तोकड्या पोशाखात जाते आणि अवघडते. मग स्वतःच्या बुर्किनीतून नवा पोशाख करते. अंगभर, धावता येईल असा. डोकं ती झाकत नाही. तिची मैत्रीण नाकिया मात्र स्वतःच्या मर्जीने हिजाब घेते.

आपल्या या किनाऱ्यावरच्या कोळणींनी लुगड्याला कासोटा घातला, कारण काम करायचं होतं.

कापडाची लांबी मोजणं म्हणजे आदर नव्हे. तुमच्यापैकी कुणी नायिका रेखाटलीत, तर तिला दोनच प्रश्न विचारा: यात तुला काम करता येतं का? आणि हे तू निवडलंस का?