चोपन्नाव्या पलटणीचा पगार

पगाराचा प्रश्न हा केवळ पोटाचा प्रश्न, असें आपण सहज समजतों. अमेरिकेंतील यादवी युद्धांत लढलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या स्वयंसेवक पायदळ पलटणीनें मात्र त्याचा निराळा अर्थ लावला.

ही पलटण १८६३ सालीं उभी राहिली. शिपाई कृष्णवर्णी, कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ श्वेतवर्णी. त्याच वर्षीं १८ जुलै रोजीं चार्ल्स्टनजवळील वॅग्नर किल्ल्यावर चढाई करतांना सुमारें ६०० पैकीं अडीचशेंहून अधिक जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले. शॉही तेथेंच पडले. किल्ला हातीं आला नाहीं.

गोऱ्या शिपायास दरमहा १३ डॉलर मिळत. यांना १० देऊं केले, त्यांतूनही कपड्यांचे ३ वजा! पलटणीनें छदामही घेतला नाहीं. फरक आपण भरून देतों, असें मॅसॅच्युसेट्सचें सरकार म्हणालें. तेंही त्यांनीं नाकारलें. कारण मागणी डॉलरांची नव्हती, समान दर्जाची होती. घरीं बायकामुलांचे हाल होत होते, तरी सुमारें दीड वर्ष ते विनावेतन लढले. अखेर जून १८६४ मध्यें अमेरिकन काँग्रेसला समान वेतनाचा कायदा करावा लागला.

मिळेल तें घेऊन स्वस्थ बसावें, कीं उपाशी राहून पुरतें मागावें, हा प्रश्न त्या पलटणीबरोबर संपलेला नाहीं.