यंत्राने आमचे माप शिकावे



कापसाच्या सभेत मोबाईलचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण बाजारभाव आता मोबाईलवर येतो. 2021 पासून ई-पीक पाहणीही त्यावर आली. मग हे यंत्र कसे असावे, ते आम्ही बोलायला नको काय?

पहिली मागणी. शिवारात रेंज नसते. तिथे भरलेली कोणतीही नोंद यंत्राने जपावी, रेंज येताच आपोआप पाठवावी आणि तारीख भरल्या दिवसाची धरावी, पोचल्या दिवसाची नव्हे. मुदत टळली म्हणून आमची नोंद बुडू नये.

दुसरी. रुईचा भाव खंडीवर निघतो. खंडी म्हणजे सुमारे 356 किलो रुई. आम्ही विकतो कापूस, तोही क्विंटलवर. क्विंटलला 34 किलो रुई धरली तर एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. शिवाय सरकीचे पैसे वेगळे. खंडीचा भाव टाकताच रुई, सरकी आणि जिनिंगचा खर्च धरून यंत्राने क्विंटलचा भाव मांडावा. व्यापारी हा हिशेब तोंडी करतो. तो आमच्याही हातात हवा.

तिसरी. काही अडले की पडद्यावर इंग्रजी ओळ येते. काय चुकले आणि आता काय करायचे, ते मराठीत लिहावे, वाचूनही दाखवावे.

ही भीक नव्हे. मोबाईलचे दाम आम्ही रोख मोजतो. गावोगाव बैठका घ्या, आपल्या मागण्या लिहा आणि पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या.