थर्मोस्टॅट जागेवर राहू द्या

(ठाकुर्ली येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय ‘टर्बो गाड्या आणि इंजिनाचं तापमान’ असा छापलाय. मागच्या रांगांत 90 फुटी रस्त्यावरची तरुण मंडळी बरीच दिसतायत, त्यामुळे टर्बो म्हणजे काय, रिमॅप म्हणजे काय हे सांगत बसत नाही. पुढच्या ज्येष्ठांनी एवढंच धरून चालावं, की एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारं टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतं, जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं, आणि रिमॅप म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे बदलून हे कोंबणं आणखी वाढवणं. आरटीओ, मोटार वाहन कायद्याचं कलम 52, विमा, यावर वेगळं व्याख्यान ठेवता येईल. (मागून आवाज: ‘नको, सर!’ हशा.)

आज मला एकच गोष्ट गळी उतरवायची आहे. गाडी तापते म्हणून कुणीही, कुठल्याही गॅरेजमध्ये, थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडचं पाणी सोडणारी-अडवणारी झडप, काढू देऊ नका. बाकी जे बोलेन ते सगळं त्याच्याकडेच येणार आहे.

आधी हिशेब करू. चाकणला तयार झालेली पोलो जीटी टीएसआय घ्या. 105 पीएस, म्हणजे साधारण 77 किलोवॅट. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश चाकांकडे जातो, एक तृतीयांश एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि उरलेल्यातला मोठा भाग कूलंटच्या पाण्यात उतरतो. ही गाडी रिमॅप करून 135 पीएसवर नेली, की जळणारं पेट्रोलही जवळपास त्याच प्रमाणात वाढतं. पूर्ण जोर लावलात तर आधीपेक्षा 15 किलोवॅटच्या आसपास जास्त उष्णता त्याच पाण्यात येते. तुमच्या न्हाणीघरातला गिझर 2 किलोवॅटचा असतो. बॉनेटखाली असे सात गिझर नव्याने लागले, आणि रेडिएटर मात्र जुनाच! (हशा.) हसा, पण माळशेज घाटात आठवा.

त्यात आपण बंपरमागे मोठा इंटरकूलर बसवतो. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती गार करायला तो हवाच, तक्रार नाही. पण तो बसतो रेडिएटरच्या पुढ्यात. एसीचा कंडेन्सरही तिथेच. मे महिन्यात कल्याणची हवा 40 अंशांची. या दोघांतून गाळून रेडिएटरपर्यंत पोहोचेतो ती 55 ची झाली असं धरा. आता रेडिएटर किती उष्णता फेकणार ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. हिवाळी सकाळी हवा 25 ची आणि पाणी 95 चं असेल तर फरक 70. मे महिन्यात तेच पाणी, पण फरक 40. त्याच रेडिएटरची ताकद साठ टक्क्यांच्याही खाली आली, कुणी त्याला हात न लावता.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. कुणी म्हणतं, ‘थर्मोस्टॅट काढा, पाणी 70 वरच राहील.’ समजा राहिलं. 70 वजा 55, फरक उरला 15. म्हणजे थंड पाण्याच्या नादात तुम्ही रेडिएटरचे हातपाय बांधले. पाणी गरम असतं तेव्हाच रेडिएटर काम करतो. आजची इंजिनं 90 ते 105 अंशांवर चालवायची म्हणूनच घडवलेली आहेत. कूलंट मिसळलेलं पाणी आणि टाकीचं 1 बार दाब धरणारं झाकण मिळून उकळबिंदू सव्वाशेच्या आसपास जातो. त्यामुळे 100 चा आकडा दिसला की घाबरण्याचं कारण नाही.

उष्णता फेकून देणं हा इंजिनाचा निम्मा व्यवसाय आहे, हे ठाकुर्लीकरांना तरी सांगायला नको. आपल्या गावाची ओळखच त्यावर उभी राहिली. 1925 मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली. पुढे जीआयपी रेल्वेला ती वीज घाटांत न्यायची होती, पुण्याकडे आणि इगतपुरीकडे. बोरघाटात वाफेच्या इंजिनांची दमछाक व्हायची. त्यासाठी 1929 मध्ये रेल्वेने इथे चोळ्याला स्वतःचं पॉवर हाऊस सुरू केलं. (टाळ्या.) इथल्या कित्येक घरांत वडील नाही तर आजोबा तिथे नोकरीला होते, आज या सभागृहातही त्यांची मुलं-नातवंडं बसली असतील. तिथे कोळसा जळायचा, वाफ व्हायची, टर्बाइन फिरायचं. हो, टर्बाइनच; मागच्या मंडळींचा टर्बो त्याच घराण्यातला. पण टर्बाइनमधून बाहेर आलेली वाफ पुन्हा पाणी करावी लागते, आणि ते करताना कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता गार पाण्याच्या हवाली होते. विजेत उतरणारी उष्णता त्याहून कितीतरी कमी. म्हणून कोळशाइतकंच पाणी मोलाचं, आणि इथे उल्हास नदी हाकेच्या अंतरावर! त्या घाटांत पुढे जी विजेची इंजिनं चढली, लोक ज्यांना ‘खेकडा’ म्हणत, त्यांची तर…

अध्यक्षांनी चिठ्ठी दिली आहे. दहा मिनिटं. खेकडा इथेच सोडतो. (हशा.)

थर्मोस्टॅटकडे येतो. आत मेणाची एक डबी असते. ठरलेल्या तापमानाला मेण वितळतं, फुगतं, झडप उघडते. 1930 च्या दशकात सर्जियस व्हर्ने यांनी ही युक्ती काढली आणि आजही जगभरच्या गाड्यांत तीच चालते. इंजिन गार असताना मुख्य झडप बंद असते आणि पाणी एका छोट्या वाटेने, बायपासने, इंजिनातच फिरतं. गरम झाल्यावर मुख्य झडप उघडते आणि पुष्कळ इंजिनांत त्याच दांड्याची खालची चकती बायपास बंद करते. आता हा अख्खा तुकडा काढून टाका. बायपास कायमचा उघडा! गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरचं तोंडही न बघता परत इंजिनात जातो. सपाट रस्त्यावर गाडी गरजेपेक्षा गार, आणि घाटात आधीपेक्षा गरम.

(श्रोत्यांतून: ‘आम्ही इतकी वर्षं काढतोय, एकाही गिऱ्हाईकाची तक्रार नाही.’)

काका, बसा, तुमचा मान राखूनच बोलतो. कार्बोरेटरच्या गाडीत थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, रात्रीची वेळ, शहापूरच्या पुढे कुठेतरी, तर काढून गिऱ्हाईकाला घरी पोचवणं हे शहाणपणच. पण दुसऱ्या दिवशी नवा बसवायला हवा. आजच्या गाडीचा संगणक पाण्याचं तापमान वाचतो. ते वर आलंच नाही तर इंजिन अजून गार आहे असं समजून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतं, खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलही पुरतं तापत नाही, त्यामुळे ते पेट्रोल आणि ओल उडून जात नाही. टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर तरतं. तक्रार दोन वर्षांनी येते, आणि तेव्हा ती टर्बोच्या नावावर खपते.

ओळखीच्या एका मुलाची अशीच गाडी होती. रिमॅप, मोठा इंटरकूलर, थर्मोस्टॅट काढलेला. मुरबाडपर्यंत गार, टोकावडे सोडून चढ लागला की काटा वर. आम्ही योग्य अंशाचा नवा थर्मोस्टॅट बसवला, आणि दुसरं काम केलं ते फोमच्या पट्ट्यांचं. इंटरकूलर बसवताना रेडिएटरच्या कडेची प्लास्टिकची आवरणं कापून टाकली होती. समोरून आलेली हवा रेडिएटरला वळसा घालून पळत होती. ती फट बुजवली, पंख्यामागचं आवरण परत लावलं. रेडिएटर जुनाच ठेवला. घाट चढली.

पाच मिनिटं म्हणतायत, तर भरभर सांगतो. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या पट्ट्यात मध्यावरच खिळवून ठेवलेला असतो. ओबीडीला लावायचा रीडर घ्या आणि खरा आकडा बघा. बोअरचं पाणी घालू नका, क्षार आत बसतात. डिमिनरलाइज्ड पाणी आणि पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात. घाटात आकडा चढू लागला तर एसी बंद, पाय हलका, जमल्यास हीटर पूर्ण. गाडी थांबवलीत तरी गरम झाकण उघडू नका: दाब सुटला की त्याच क्षणी पाणी उकळून अंगावर येतं.

काका, तुमच्यासाठी मी पिशवीत एक जुना थर्मोस्टॅट, पातेलं, शेगडी आणि थर्मामीटर आणलाय. व्यासपीठाच्या मागे चहा आहे तिथेच पाणी ठेवू. उघडण्याचा अंश थर्मोस्टॅटवर कोरलेला आहे, 87. तुम्ही स्वतः थर्मामीटर धरा आणि तो कधी उघडतो ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.