विजेची गाडी : विकत की भाड्याने?

(दिल्लीतील सभासदांपुढे केलेले भाषण)



खात्याने विजेवरची गाडी विकत घ्यावी की भाड्याने, हा हिशेब साहेबलोकांचा. त्यात युनियनने कशाला पडावे, असे आपल्यातलेच काहीजण विचारतात. पडावे लागते. कारण त्या करारातच ड्रायव्हरची जागा राहते किंवा जाते.

भाड्याच्या गाडीला आमचा सरसकट विरोध नाही. केंद्र सरकारच्या वीज क्षेत्रातील कंपन्यांनी मिळून काढलेल्या ईईएसएलने २०१७ साली दहा हजार विजेच्या मोटारींचे टेंडर काढले. टाटांची गाडी करासह सुमारे ११ लाख २० हजारांना पडली. ईईएसएलने ती घ्यायची आणि सरकारी खात्यांनी महिन्याचे भाडे भरायचे, अशी ती योजना. दिल्लीतल्या कचेऱ्यांत गाड्या आल्या आणि २०१८ मध्ये ओरड सुरू झाली, की एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटरही जात नाहीत! पुढे याहून लांब पल्ल्याच्या गाड्या निघाल्या. खात्याने जुनी विकत घेतली असती तर ती गळ्यातच पडली असती.

बॅटरी हा या गाडीतला सर्वांत महाग भाग. काही मोटारींना तिची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी मिळते. डाकेची गाडी रोज शंभर किलोमीटर, वर्षाला तीनशे दिवस धावली, तर ही हमी सव्वापाच वर्षांतच संपते. हा धोका गाडीमालकाने घेतलेला बरा.

पण भाड्याचे प्रकार दोन. 'ड्राय लीज' म्हणजे गाडी तेवढी त्यांची. 'वेट लीज' म्हणजे गाडीबरोबर ड्रायव्हरही त्यांचाच. डीटीसीत जानेवारी २०२२ पासून विजेच्या बसगाड्या अशाच आल्या. बस कंपनीची, दुरुस्ती कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा. डीटीसीचा फक्त कंडक्टर. कंपनीला पैसे किलोमीटरवर. मुंबईत बेस्टकडेही वेट लीजच्या बस आहेत. त्यांच्या ड्रायव्हरांना ऑगस्ट २०२३ मध्ये पगारवाढीसाठी काम बंद ठेवावे लागले. रस्ता तोच, प्रवासी तेच, पगार मात्र निराळा.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. मेल मोटर सर्व्हिसमध्ये आणि रेल्वेतही गाडी हवी तर भाड्याने घ्या, ड्रायव्हर खात्याचाच पाहिजे. वर्कशॉपमधल्या मेकॅनिकला विजेच्या गाडीचे शिक्षण द्या, नाहीतर पाच वर्षांनी त्यालाच जादा ठरवाल.

शाखा सचिवांनी आपापल्या ठिकाणच्या भाड्याच्या गाड्यांचे करार मागून घ्यावेत. दर काय, ड्रायव्हर कोणाचा, बॅटरी गेली तर बदलायची कोणी, एवढे लिहून महिनाअखेर युनियनच्या कचेरीत पाठवावे.