आकडा कोणी शिकवायचा?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथल्या महाविद्यालयांतून आलेल्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींनो,

संख्यासाक्षरतेवरच्या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही इतिहासाच्या शिक्षिकेला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. हा विषय गणित विभागाच्या दाराशी सोडून आपापल्या वर्गावर जाता येणार नाही, हेच मला आज सांगायचं आहे.

घाटकोपरहून वर्सोव्याला जाणाऱ्या मेट्रोवर अंधेरी आणि आझाद नगर गेलं की डी. एन. नगर स्थानक लागतं. डी. एन. म्हणजे दादाभाई नौरोजी. आयुष्याची अखेरची वर्षं ते इथेच, वर्सोव्याला राहिले. त्यांना आपण पितामह म्हणून शिकवतो, संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत पाठ करून घेतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. ते एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते, हे वर्गात क्वचितच सांगितलं जातं. त्यांनी हिशोब कसा केला, हे तर त्याहूनही क्वचित.

तो हिशोब सांगते. १८७६ साली त्यांनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. सरकारी अहवालांतून प्रांतवार पिकं, लागवडीचे एकर, भाव असं सगळं जमवून त्यांनी एकूण उत्पन्न काढलं, १७ कोटी लोकसंख्येनं भागलं आणि दरडोई वर्षाला २० रुपये हा आकडा पुढे ठेवला. तिथे ते थांबले नाहीत. नुसते २० रुपये म्हणजे कमी की जास्त, हे कोणाला कळणार? म्हणून त्यांनी शेजारी दुसरा आकडा ठेवला: तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर खुद्द सरकार करत असलेला खर्च. मुंबई इलाख्यात तो २० रुपयांच्या दुपटीहूनही जास्त होता.

त्या निबंधातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. काही प्रांतांच्या अहवालांत दर एकरी उत्पन्नाची सरासरी काढताना प्रत्येक जिल्ह्याचा आकडा घेऊन सगळ्यांची बेरीज केली होती आणि तिला जिल्ह्यांच्या संख्येनं भागलं होतं. कुठल्या जिल्ह्यात लाखो एकर पिकतात आणि कुठल्या जिल्ह्यात काही हजार, याचा विचारच नव्हता. दादाभाईंनी ही चूक नेमकी पकडली. साम्राज्याच्या कारभाराला त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: ही सरासरी कशाची?

तीच चूक आज आपल्या वर्गात होते. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ झाली, म्हणजे ७.५७ टक्क्यांनी घटली. आपल्या उपनगर जिल्ह्याची ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२ झाली, म्हणजे ८.२९ टक्क्यांनी वाढली. मी प्रथम वर्षाच्या मुलांना फक्त टक्केवारी देते आणि विचारते, दोन्ही जिल्हे मिळून किती वाढ? बहुतेकजण सरासरी काढून ०.३६ सांगतात. म्हणजे मुंबई जवळजवळ आहे तिथेच थांबली! मग मूळ आकडे फळ्यावर लिहिते. मुलं बेरजा करतात आणि उत्तर येतं ३.८७ टक्के, दहा वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसांची भर. उपनगर शहराच्या अडीचपटीहून मोठं होतं, हे पहिल्या उत्तरात कुठेच धरलेलं नव्हतं.

यातलं गणित शाळेतलंच आहे. मुलांना भागाकार येतो. कशाला कशानं भागायचं, हा निर्णय त्यांना घेता येत नाही, कारण तो आपण त्यांना कधी घेऊच दिला नाही. दहावीनंतर कला शाखेत आलेल्या मुलीला आपणच सांगतो, सुटलीस आता गणितातून. पुढे ती पत्रकार होते, वकील होते, नगरसेविका होते. अर्थसंकल्प, सर्वेक्षणं, विम्याचे कागद तिच्यापुढे येतच राहतात. तिला आपण अर्धवट शिकवून पाठवलं, याची मला मनापासून खंत आहे.

उपाय म्हणून नव्या श्रेयांक-चौकटीत संख्यासाक्षरतेचा वेगळा पेपर ठेवा, ओपन इलेक्टिव्ह म्हणून चालेल, असं सुचवलं जातं. मला ते पटत नाही. वेगळा पेपर म्हटलं की सूत्रं आली, सूत्रांमागून गाईड आलं आणि सत्र संपलं की सगळं विसरलं. आकडा त्या त्या विषयाच्या पोटातच भेटला पाहिजे.

भूगोलात २६ जुलै २००५ शिकवताना सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, असं आपण सांगतो. मुलं लिहून घेतात. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, हे कोणी सांगतं का? म्हणजे त्या दिवशी दर चौरस मीटरवर जवळजवळ हजार लिटरची गच्चीवरची टाकी रिकामी झाली. चौरस किलोमीटरला ९४ कोटी लिटरहून जास्त. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस नव्हता. मग ‘मुंबईचा पाऊस’ म्हणून कुठला आकडा सांगायचा? इथून मिठी नदी, भराव, नालेसफाई या सगळ्यावर मुलं स्वतः बोलू लागतात. वाणिज्य आणि विधी शाखेच्या वर्गाला तर बोरिवली-मुलुंडमधला पुनर्विकास रोज घरीच भेटतो. ३५ टक्के जादा जागा, पण कशाच्या ३५ टक्के? कार्पेटच्या की बिल्टअपच्या? हा प्रश्न विचारणारी मुलगी सोसायटीच्या सभेत आपल्या आईवडिलांच्या उपयोगी पडेल.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, इंग्रजी आणि इतिहासही शिकवला. १९०२ साली कायदेमंडळात त्यांनी दाखवून दिलं, की सरकारी तिजोरीतली शिल्लक म्हणजे रयतेची सुबत्ता नव्हे. विषयांमधल्या भिंती त्यांच्या काळी आजच्याइतक्या उंच नव्हत्या.

आपल्या अडचणी मला ठाऊक आहेत. शंभराहून जास्त मुलांचे वर्ग, सत्राची पळापळ, आणि आपल्यापैकी अनेकांच्या मनात आकड्यांची स्वतःचीच धास्ती. ती धास्ती सहकाऱ्याच्या शेजारी बसूनच जाईल. म्हणून माझी सूचना अशी: येत्या सत्रात प्रत्येक विभागानं अंतर्गत मूल्यमापनात निदान एक प्रश्न खऱ्या तक्त्यावर ठेवावा, आणि त्याचं उत्तर नुसत्या आकड्यात न घेता चार वाक्यांत लिहून घ्यावं. तो प्रश्न गणित-संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यासोबत बसून तयार करावा. त्या सहकाऱ्याचा हा वेळ वर्कलोडमध्ये धरला जावा, असा ठराव मी अध्यक्ष या नात्यानं आजच मांडते. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा होईल. प्रत्येक विभागानं आपला एक तक्ता तेव्हा सोबत आणावा.